दिवे कोणी लावायचे?

पीएच.डी. करून हे विद्यार्थी काय दिवे लावणार आहेत? डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, विधान परिषदेत, राज्याच्या तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी हा सवाल केला. चर्चेचा विषय होता संशोधक विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या अधिछात्रवृत्तीचा. गदारोळ झाला, खुलासे झाले आणि चार दिवसांत तो विषय मागे पडला. परंतु तोंडून निसटलेला शब्द कित्येकदा शासकीय निर्णयापेक्षा अधिक खरा असतो. गरिबाच्या मुलाने यंत्र चालवायला शिकावे, परिचारिका व्हावे, फार तर इंजिनियर व्हावे. समाजशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र असल्या उठाठेवी त्याला कशाला हव्यात, ही राज्यकर्त्या वर्गाची जुनी समजूत त्या सवालात उघडी पडली.

दिव्यांची ही भाषा निदान पालघर जिल्ह्याला तरी कोणी ऐकवू नये. देशातील पहिले अणुवीज केंद्र याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, तारापूरला, १९६९ मध्ये सुरू झाले. त्याच्या पहिल्या दोन संचांची वीज महाराष्ट्राला आणि गुजरातला मिळाली. पुढे तिसऱ्या व चौथ्या संचासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठवण्यात आली. त्यांच्या पुनर्वसनाचा तंटा वर्षानुवर्षे उच्च न्यायालयात चालला. बोईसरच्या माळावर तारापूर औद्योगिक वसाहत उभी राहिली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांचे प्रदूषण मोजले, तेव्हा त्या यादीत तारापूर पहिले आले. सूर्या प्रकल्पाचे धरण आदिवासींच्या जमिनीवर बांधले गेले. शेतीसाठी म्हणून अडवलेले ते पाणी वसई-विरारकडे आणि मीरा-भाईंदरकडे वळले. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन याच जिल्ह्यातून जायची आहे. ७६,२२० कोटी रुपयांच्या वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि त्याच वर्षी ३० ऑगस्टला पालघरमध्ये त्याचे भूमिपूजन झाले.

दुसऱ्यांचे दिवे लागावेत म्हणून ज्या जिल्ह्याने जमीन दिली, पाणी दिले, समुद्र दिला आणि श्रम दिले, त्या जिल्ह्यातील एखादी मुलगी सामाजिक न्याय, समाजकार्य किंवा अर्थशास्त्र या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन उभी राहते, तेव्हा तिच्याकडे भिकाऱ्याकडे पाहावे तसे पाहिले जाते. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की ती मुलगी भीक मागत नसून थकलेले देणे वसूल करीत आहे. आणि ज्या विषयांतून या देण्याचा हिशेब मांडता येतो, नेमक्या त्याच विषयांची वाट राज्यसंस्था अरुंद करीत चालली आहे.

हा विचार नवा नाही. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले, त्यातील मुख्य मुद्दा हाच होता की सरकारचा महसूल शेतकऱ्यांच्या घामातून येतो आणि त्या पैशावर वरच्या वर्गांच्या मुलांचे उच्च शिक्षण पोसले जाते. त्या निवेदनाला १४० वर्षे उलटून गेली. महसुलाची साधने बदलली, शेतसाऱ्याच्या जागी वस्तू व सेवा कर आला. वीटभट्टीवरील मजूर मसाला घेतो तेव्हा, आगपेटी घेतो तेव्हा कर भरतोच. घेणारा आणि देणारा यांचे नाते मात्र बदललेले नाही.

अर्ज नावाची चाळणी

पालघर जिल्ह्याच्या लोकसंख्येत आदिवासींचा हिस्सा एक तृतीयांशाहून अधिक आहे. वारली, मल्हार कोळी, कोकणा, ठाकूर, कातकरी अशा जमातींचा हा प्रदेश. समजा, विक्रमगड तालुक्यातील एका पाड्यावरील कातकरी मुलीने बी.ए. पूर्ण केले. मुंबईतील एखाद्या समाजविज्ञान संस्थेत एम.ए.ला प्रवेश घ्यावा, असे तिच्या मनात आहे. त्यासाठी तिला काय काय जमवावे लागेल?

प्रांताधिकाऱ्याचा जातीचा दाखला. त्यानंतर पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, तोही चालू वर्षाचा. अधिवासाचा दाखला. आधारशी जोडलेले बँक खाते. मग महाडीबीटी संकेतस्थळावरील अर्ज. तो आधी संस्थेच्या लिपिकाकडे आणि तेथून प्रकल्प कार्यालयाकडे जाणार. एखाद्या कागदावरील नावात एका अक्षराचा फरक निघाला की अर्ज त्रुटी दाखवून परत. पाड्यावर मोबाइलला रेंज नसते आणि दुरुस्तीची मुदत संपल्याचा संदेश मोबाइलवरच येतो.

यातील प्रत्येक कागदाला काही ना काही कारण आहे, हे मान्य केले पाहिजे. विशेषतः वैधता प्रमाणपत्राला. खोट्या दाखल्यांवर आदिवासींच्या जागा बळकावणाऱ्यांना आळा घालावा, ही मागणी मुळात आदिवासी संघटनांचीच होती आणि त्यासाठी केलेला २००० चा कायदा आवश्यकच होता. परंतु त्याची अंमलबजावणी कशी होते? पुरावा म्हणून मागितली जाते १९५० पूर्वीची नोंद, आणि ती बहुधा आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरातील. ज्या कातकऱ्याच्या आजोबाने शाळेचे तोंड पाहिले नाही, त्याच्या नातीने आजोबाच्या शाळेचा दाखला आणायचा कोठून? शाळा नाकारली गेली हा तिच्या कुळावर झालेला अन्याय; तोच अन्याय आता तिच्या अर्जातील त्रुटी ठरतो. उलट खोटा दाखला मिळवणाऱ्याकडे कागदांचा तुटवडा कधीच नसतो.

उत्पन्नाच्या दाखल्याची कथा निराळी नाही. दिवाळी झाली की पाडे रिकामे होऊ लागतात. भिवंडी, वसई या भागांतील वीटभट्ट्यांवर कुटुंबेच्या कुटुंबे जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पदव्युत्तर प्रवेश परीक्षांचे अर्ज भरण्याचे दिवस नेमके हेच. तलाठी चौकशीला येतो तेव्हा घराला कडी असते. उचल घेऊन, आठवड्याच्या खर्चीवर राबणाऱ्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न किती, याचे उत्तर भट्टीमालकाच्या वहीत असते आणि ती वही कोणत्याही तहसीलदाराने मागवलेली नाही. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असे म्हणतात. येथे सहा महिने थांबले तर शैक्षणिक वर्षच संपते.

भत्त्याचे अर्थशास्त्र

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना १९४४ मध्ये सुरू झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. १९४८ मध्ये ती आदिवासींना लागू झाली. देशातील लक्षावधी दलित-आदिवासी पदवीधर या योजनेने घडवले. म्हणूनच तिची आजची अवस्था आकड्यांत पाहणे आवश्यक आहे.

अनुसूचित जातींसाठीच्या योजनेचे २०२१ चे केंद्रीय नियम घ्यावेत. व्यावसायिक पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या वसतिगृहवासी विद्यार्थ्याला वर्षाला १३,५०० रुपये भत्ता ठरवला गेला. एम.ए. करणाऱ्या वसतिगृहवासी विद्यार्थ्याला ६,००० रुपये, आणि घरून ये-जा करणाऱ्याला ३,००० रुपये. म्हणजे महिना २५० रुपये. दिवसाला सव्वाआठ रुपयांच्याही आत. आदिवासींच्या योजनेतही व्यावसायिक अभ्यासक्रमांची पायरी वर आणि एम.ए.ची खाली, ही उतरंड राहिलेलीच आहे. वैद्यक शिकणाऱ्याची पुस्तके व उपकरणे महाग असतात, हे समजण्यासारखे आहे. पण त्यासाठी वेगळी तरतूद करता येते. इतिहास शिकणाऱ्याची भूक वैद्यक शिकणाऱ्याच्या निम्मी असते, असे कोणत्या आहारशास्त्रात लिहिले आहे? या दरपत्रकात राज्यसंस्थेने विद्याशाखांची जातवारी लावलेली आहे. कारखान्याला उपयोगी ते ज्ञान वरच्या वर्णाचे, समाजाला प्रश्न विचारणारे ज्ञान खालच्या.

उत्पन्नाची मर्यादाही अशीच. अडीच लाख रुपयांची ही मर्यादा २०१३ मध्ये ठरली आणि दहा वर्षे उलटल्यावरही तीच होती. दरम्यान डाळ, तेल, गॅस, रेल्वेचा पास यांचे भाव कोणासाठी थांबले नाहीत. बोईसरच्या कारखान्यात नवरा-बायको दोघेही ठेकेदाराकडे कामाला असतील आणि प्रत्येकाला महिना ११,००० रुपये मिळत असतील, तर त्यांचे वर्षाचे उत्पन्न होते २,६४,००० रुपये. कागदोपत्री हे कुटुंब मर्यादेच्या १४,००० रुपये वर गेले. मुलीचा निर्वाहभत्ता गेला. ना कायम नोकरी, ना निवृत्तिवेतन, ना डोक्यावर स्वतःचे छप्पर, पण शासनाच्या लेखी हे कुटुंब सुस्थितीत आहे!

याहून मोठी लूट विलंबाची आहे. प्रवेशाच्या वेळी पैसे भरा, सरकारकडून आल्यावर परत मिळतील, असे सांगणे ऐकायला साधे वाटते. अर्थशास्त्राच्या भाषेत त्याचा अर्थ असा की राज्यसंस्था आपली तरतूद होईपर्यंत गरीब विद्यार्थ्याकडून बिनव्याजी कर्ज काढते. आणि तो विद्यार्थी ते कर्ज सावकाराकडून व्याजाने काढून राज्यसंस्थेला देतो. समजा, शुल्क व खाणावळ मिळून ६०,००० रुपये शेकडा तीन दराने घेतले आणि परतावा दहा महिन्यांनी आला. व्याज झाले १८,००० रुपये. वर्षाचा भत्ता ६,००० रुपये. म्हणजे शिष्यवृत्ती मिळाल्याबद्दल विद्यार्थ्याने भत्त्याच्या तिप्पट रक्कम सावकाराच्या घरी नेऊन घातली.

डहाणू-उंबरगाव भागातील वृद्धांना ‘लग्नगडी’ हा शब्द आठवत असेल. लग्नासाठी जमीनदाराकडून चार पैसे घ्यायचे आणि ते फेडण्यासाठी बायकोसह जन्मभर त्याच्या घरी राबायचे. गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली १९४५ पासून किसान सभेने उभारलेल्या वारली लढ्याने ही वेठ मोडली. त्यासाठी त्या वर्षीच्या १० ऑक्टोबरला तलवाड्याच्या गोळीबारात वारल्यांनी रक्त सांडले. त्या लढ्याच्या पणतवंडांना लग्नाऐवजी शिक्षणासाठी सावकाराच्या दारात उभे करणे, ही कोणत्या कल्याणकारी राज्याची प्रगती म्हणायची?

बंदी घातलेला देश

आता परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्तीकडे वळावे. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे. जागतिक क्रमवारीतील पहिल्या ५०० संस्थांपैकी एखाद्या संस्थेत प्रवेश मिळवणाऱ्यांसाठी तीत १२५ जागा ठेवण्यात आल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये मंत्रालयाने नियमांत एक कलम घुसवले: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास या विषयांसाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही.

मंत्रालयाचे नाव ‘सामाजिक न्याय’ आणि वर्ज्य विषय भारतीय समाज! दलिताच्या मुलाने लंडनला जाऊन संगणक शिकावा, व्यवस्थापन शिकावे; जात शिकू नये.

या कलमाच्या कसोटीवर एक जुना अर्ज तपासून पाहावा. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ मध्ये एका महार तरुणाला कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. त्या तरुणाने १९१५ मध्ये एम.ए.साठी ईस्ट इंडिया कंपनीचे प्रशासन व अर्थकारण हा विषय घेतला: भारताचा इतिहास, म्हणून अर्ज बाद. ९ मे १९१६ रोजी त्याने ‘भारतातील जाती’ हा निबंध विद्यापीठातील चर्चासत्रात वाचला: भारतविषयक सामाजिक अभ्यास, अर्ज बाद. पुढे ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर लिहिले आणि तो ग्रंथ सयाजीरावांनाच अर्पण केला. लंडनमध्ये ‘रुपयाचा प्रश्न’ हा प्रबंध लिहिला, तो १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सारेच विषय भारताचे. एका संस्थानिकाने दिलेल्या शिष्यवृत्तीतून भारताला आपल्या राज्यघटनेचा शिल्पकार मिळाला, आणि त्याच राज्यघटनेची शपथ घेतलेल्या सरकारच्या नियमांनुसार तो तरुण अपात्र ठरला असता. दर वर्षी १४ एप्रिलला त्याच्या पुतळ्याला हार घालणाऱ्या मंत्र्यांना हे ठाऊक नाही, असे मानण्याचे कारण नाही.

सरकारपक्षाचे समर्थन असे की भारताविषयी शिकायला परदेशी कशाला जायचे. ग्रंथालये, विद्यापीठे, तज्ज्ञ सारे येथेच आहेत. युक्तिवाद वरवर देशाभिमानी वाटतो. परंतु श्रीमंतांची मुले स्वतःच्या पैशाने ऑक्सफर्डला जाऊन भारताचा इतिहास लिहितात, तेव्हा हा देशाभिमान जागा होत नाही. परदेशी विद्यापीठांत भारताविषयी बोलण्याचा मक्ता वरच्या वर्गांकडे राहावा, एवढाच या कलमाचा व्यावहारिक परिणाम आहे.

आणि देशातच शिका म्हणणाऱ्यांनी देशातील दारे तरी उघडी ठेवली काय? पालघर-बोईसरच्या मुलांना समाजविज्ञानाच्या पदव्युत्तर शिक्षणाची नामांकित संस्था म्हणून जवळची ती देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. दादरला आणि कुर्ल्याला गाडी बदलून गोवंडीला उतरावे, इतकी जवळ. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत भारत सरकारच्या शिष्यवृत्तीस पात्र दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना वसतिगृह व खाणावळीचे पैसे आगाऊ भरण्यापासून सवलत होती. ती काढून घेतली गेली, तेव्हा २१ फेब्रुवारी २०१८ पासून मुंबई, तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटी या चारही ठिकाणच्या विद्यार्थ्यांनी संप पुकारला. अनुदान अपुरे पडते, असे संस्थेचे म्हणणे. शिष्यवृत्तीची रक्कम वेळेवर येत नाही, असे विद्यार्थ्यांचे म्हणणे. दोन्ही म्हणण्यांची मुळे शासनाच्या एकाच आखडत्या हातात होती. परदेशी जायचे तर विषय नामंजूर, देशात शिकायचे तर आधी पैसे भरा. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना!

हे एकटेदुकटे प्रकार नव्हेत. डिसेंबर २०२२ मध्ये अल्पसंख्याक संशोधकांची मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती बंद झाल्याचे लोकसभेत सांगण्यात आले. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीसाठी निवडलेल्या १०६ विद्यार्थ्यांपैकी प्रथम ४० जणांनाच तात्पुरती मंजुरीपत्रे देण्यात आली. उरलेल्यांना निधी उपलब्ध झाल्यास, असे सांगितले गेले. परदेशी विद्यापीठातील प्रवेश हाती, विमानाची तारीख तोंडावर, आणि सरकारचे उत्तर ‘झाल्यास’. आदिवासी मंत्रालयाच्या स्वतंत्र परदेशी शिष्यवृत्तीत साऱ्या देशासाठी २० जागा ठरल्या: १७ सर्वसाधारण, ३ विशेष असुरक्षित जमातींसाठी. २०११ च्या जनगणनेनुसार देशात आदिवासी १० कोटी ४३ लाख. म्हणजे बावन्न लाख माणसांमागे एक जागा. कातकरी, कोलाम, माडिया गोंड या महाराष्ट्रातील तीन जमातींनी देशभरातील अशा सर्व जमातींबरोबर उरलेल्या तीन जागांसाठी स्पर्धा करावयाची. याला धोरण म्हणावे की सोडत?

हाच विषय का हवा?

येथे चळवळीतीलच काही जण शंका घेतील. एम.ए. होऊन नोकरी कोठे आहे? त्यापेक्षा मुलांनी आय.टी.आय. करून बोईसरला कामाला लागावे. शिवाय शिष्यवृत्ती घेऊन मुंबईला गेलेला मुलगा पाड्याकडे पाठ फिरवतो, चळवळीला अंतरतो. मग त्याच्या अर्जापायी कार्यकर्त्यांनी घाम का गाळावा?

शंका प्रामाणिक आहे आणि तिला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. पहिली गोष्ट, नोकरीची हमी आज आय.टी.आय.लाही नाही. बोईसरच्या नाक्यावर सकाळी ठेकेदाराची वाट पाहणाऱ्यांत तंत्रशिक्षण घेतलेल्यांची वाण नाही. बेकारी हा विषयाचा दोष नसून व्यवस्थेचा आहे. दुसरी गोष्ट, काही मुले पाठ फिरवतील, हे खरे. पण पाठ फिरवण्याचा तेवढाच अधिकार डॉक्टर-इंजिनियरांच्या मुलांना असतो आणि त्याबद्दल त्यांचे शिक्षण कोणी थांबवत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: लढणाऱ्या माणसांना आपला हिशेब आपल्या हाताने मांडता आला नाही, तर तो दुसरे मांडतात.

या जिल्ह्याचा अनुभव काय सांगतो? ब्रिटिश अमदानीत सिमिंग्टन या अधिकाऱ्याने आदिवासी भागांचा अहवाल लिहिला. के. जे. सावे यांनी वारल्यांवरील पुस्तक १९४५ मध्ये प्रसिद्ध केले. सत्तरीच्या दशकात पालघर तालुक्यात काळूराम धोदडे व त्यांच्या आदिवासी सहकाऱ्यांनी भूमिसेना उभारली. तिच्यावरील अभ्यास दक्षिण आशियातील नामवंत अर्थतज्ज्ञांनी केला आणि तो १९७९ मध्ये स्वीडनमधून निघणाऱ्या नियतकालिकात छापला गेला. यांपैकी अनेकांनी सहानुभूतीने लिहिले, त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक तर या लढ्याची शिदोरीच आहे. परंतु पालघरचा आदिवासी साऱ्या जगाच्या अभ्यासाचा विषय व्हावा आणि अभ्यासक होण्याची वेळ आली की त्याच्याच मुलीचा अर्ज त्रुटीत निघावा, हे कोठवर चालायचे?

अशा अभ्यासाचे मोल किती, हे तारापूरच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांना विचारावे. कारखान्यांच्या सांडपाण्याने खाडी आणि समुद्र नासला, म्हणून अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभराहून अधिक कारखान्यांवर नुकसानभरपाई बसवली. अशा खटल्यात पाण्याचे नमुने तपासणारा रसायनशास्त्रज्ञ लागतो, तसाच मासळीची आवक किती घटली, किती होड्या किनाऱ्याला लागल्या, बायकांच्या विक्रीचे किती दिवस बुडाले याचा हिशेब मांडणारा समाजशास्त्रज्ञही लागतो. नवापूरच्या, दांडीच्या, मुरब्याच्या घरातच असा अभ्यासक असता, तर तो हिशेब किती आधी मांडला गेला असता! उद्या वाढवणच्या बंदराने कोणाची उपजीविका किती बुडेल, ग्रामसभेची संमती कोणत्या रीतीने घेतली गेली, वनहक्क कायद्याचे दावे किती फेटाळले गेले, हे प्रश्न विचारायला कंपन्यांनी नेमलेले सल्लागार येणार नाहीत. ते विचारणारी माणसे जिल्ह्यात तयार होऊ नयेत, यात कोणाचे हित आहे, हे सांगण्याची गरज नाही. भारतविषयक सामाजिक अभ्यासावरील बंदीचे खरे कारण येथे सापडते.

मागण्या आणि काम

म्हणून शिष्यवृत्तीचा प्रश्न विद्यार्थी आघाडीवर सोपवून मोकळे होण्यासारखा नाही. तो जमीन, पाणी आणि मजुरीच्या लढ्याचाच भाग आहे. त्यावरील मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत.

पहिली, २०२२ चे विषयबंदीचे कलम कायमचे पुसून टाकावे. दुसरी, शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी एक पैसाही मागू नये. संस्था आणि शासन यांनी आपला हिशेब परस्पर मिटवावा आणि विलंबाचे व्याज शासनाने भरावे. तिसरी, निर्वाहभत्ता सर्व विद्याशाखांना समान असावा आणि तो व उत्पन्नाची मर्यादा ही दोन्ही महागाईच्या निर्देशांकाशी जोडावीत. सरकारी नोकरांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढू शकतो, तर विद्यार्थ्याचा का नाही? चौथी, ज्या कुळात पूर्वी कोणी शाळेत गेलेच नाही, त्यांच्या बाबतीत पडताळणी समितीने कागदांसाठी अडवून न धरता स्वतः पाड्यावर यावे आणि ग्रामसभेची साक्ष ग्राह्य धरावी. पेसा कायद्याने १९९६ मध्ये ग्रामसभेला गावच्या रूढी-परंपरांचे रक्षण करण्यास सक्षम मानले. ती आपल्याच लेकराची ओळख पटवू शकत नाही काय? पाचवी, मुंबईत शिकणाऱ्या आदिवासी मुलामुलींसाठी पुरेशी वसतिगृहे उभारावीत. ज्या महानगराला या जिल्ह्याचे पाणी पुरते, त्या महानगरात या जिल्ह्याच्या मुलीसाठी एक खाट असू नये?

मागण्यांबरोबर काम आले. आठही तालुक्यांत कार्यकर्त्यांनी दिवाळीपूर्वीच, म्हणजे कुटुंबे भट्ट्यांवर जाण्याआधी, दाखल्यांची शिबिरे घ्यावीत. तलाठी व मंडळ अधिकाऱ्यांना पाड्यावर बोलवावे. डहाणू आणि जव्हार येथील प्रकल्प कार्यालयांत दर महिन्याला किती अर्ज आले, किती परत गेले, कोणत्या कारणाने, आणि पैसा किती दिवसांनी खात्यावर पडला, याची वही ठेवावी. माहितीच्या अधिकारात आकडे मागवावेत, ते चव्हाट्यावर वाचून दाखवावेत. या नोंदी ठेवण्यासाठी पदवीची गरज नाही, नेटाची आहे. एका वर्षाच्या अशा नोंदी हाच पालघरच्या सामाजिक न्यायाचा पहिला प्रबंध ठरेल, आणि मंत्रालयावर मोर्चा नेताना तो हाती असेल.

तलासरी तालुक्यातील झरी गावी १९४५ च्या मे महिन्यात वारली जमले आणि वेठ करणार नाही, असे त्यांनी ठरवले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पण आपल्यावर कोणाचे काय देणे लागते आणि आपले कोणाकडे काय येणे आहे, हे त्यांना नेमके समजले होते. त्यांच्या नाती-पणत्या आज तेच येणे अर्जाच्या नमुन्यात भरून मागत आहेत. दिवे कोण लावणार, हे ज्यांना विचारायचे असेल त्यांनी तारापूरच्या तारांखाली उभे राहून विचारावे. या मुली त्यांना हिशेब दाखवतील.